सिरसाळ्याचे डॉक्टर

सिरसाळ्यात डॉक्टर व्हायला कॉलेजात जावं लागत नाही. दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले की काम झालं. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून गाव डॉक्टर म्हणायला लागतं. एवढ्या टक्क्यांचं दुसरंही काही करता येतं हे इथे कुणाला सुचत नाही आणि कुणी सुचवलं तर तोच खुळा ठरतो. आडत दुकानवाल्या महारुद्रअप्पांचा अमरनाथ असा वयाच्या सोळाव्या वर्षी डॉक्टर झाला. चौकात फ्लेक्स लागला. गळ्यातला स्टेथोस्कोप छापणाऱ्यानंच आपल्या मनानं घातला होता.

त्याला आता चार वर्षं झाली. अमरनाथनं नीटची परीक्षा तीनदा दिली, एकदा बारावीसोबत आणि दोनदा लातूरला खोली करून. मार्क दर वेळी सातशे वीसपैकी तीनशेच्या आसपास घुटमळले. सकाळी पाठ केलेलं दुपारी आठवायचं नाही. रक्त पाहिलं की हातपाय गार पडायचे. खोलीतली बाकीची पोरं क्लासला गेली की तो भिंतीकडे तोंड करून रडून घ्यायचा. दोन वर्षांत तेवढी एक विद्या त्याला पक्की आली, असं म्हणायला हरकत नाही.

पण हेच पोरगं सुट्टीला घरी आलं की पाहावं. पोत्यात हात घालायचं, मूठभर सोयाबीन तळहातावर पसरायचं, एक दाणा दाताखाली धरायचं आणि म्हणायचं, "अप्पा, यात ओल हाय. थप्पीला लावू नका, बुरशी धरंल." ओल मोजायचं मशीन लावलं की तेच निघायचं. हरभऱ्याला कीड घरात लागली की रानात, कुठल्या तुरीची डाळ अख्खी पडेल आणि कुठलीचा चुरा होईल, हे त्याच्या नुसत्या बोटांना कळायचं. डाळ मिलवर जाऊन बसला की जेवणाचीही शुद्ध नसायची. गहिनीनाथ हमाल म्हणायचा, "डॉक्टर, तुमच्या दातातच मशीन हाय बगा." अप्पा हसायचे, पण लगेच सांगायचे, "उठ तितून. हे पोत्यातलं जगणं तुझ्यासाठी न्हाई."

यंदा त्यानं घरी न सांगता सीईटी दिली. परभणीला फूड टेक्नॉलॉजीला नंबर लागला. दाणा वाळवायचा कसा, टिकवायचा कसा, भरडायचा कसा, याचं चार वर्षांचं शिक्षण! जे हाताला आपोआप येतं ते शिकवणारं कॉलेज जगात आहे, हे वाचून त्याला रडू आलं, आणि ते रडू लातूरच्या रडण्यासारखं नव्हतं. मूळ कागद घेऊन हजर व्हायची शेवटची मुदत होती गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. कागद अप्पांच्या कपाटात. म्हणजे अप्पांना सांगणं आलं.

सांगायला चार दिवस होते. चारही दिवस पठ्ठ्या मूग गिळून बसला. मला त्याचा राग येतो. पण त्याच्या जागी मी असतो तर माझीही जीभ टाळ्यालाच चिकटली असती.

गुरुवारी बाजार होता. सकाळी अप्पांनी कपाळाला विभूती लावली तेव्हा तो दारात उभा राहिला, "अप्पा" म्हणाला आणि पुढे "चहा आणू का" एवढंच बोलला. एकच्या सुमाराला केसरबाई नावाची म्हातारी लघवी-रक्ताचा रिपोर्ट घेऊन दुकानात आली.

"डॉक्टर, एवढं बगा की. शुगरच्या गोळ्या बंद केल्या तर चालतंय का?"

अमरनाथनं रिपोर्ट तसाच परत केला. "आजी, मला त्यातलं कळत न्हाई. बंद नका करू. दवाखान्यात दाखवा. मी डॉक्टर न्हाई."

"आज नसाल, उद्या होशाल की," ती म्हणाली, आणि गल्ल्यावर बसलेल्या अप्पांचा चेहरा खुलला. आपण एखाद दिवशी या नावापायी कुणाचा तरी जीव घेऊ, असं अमरनाथला वाटलं. तो तडक मागच्या दारानं घरात गेला आणि आईला सगळं सांगून टाकलं.

त्याची आई शांतादेवी लगेच उठली. कनवटीची किल्ली काढून तिनं कपाट उघडलं. वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला. मग तिथेच खाली बसली. "सोमवारी ते लातूरला गेलते रे," ती म्हणाली. "मला वाटलं पेंडीच्या कामाला गेले."

दुकानामागच्या खोलीत अप्पा पोती मोजत होते. अमरनाथ धावत तिथे गेला.

"अप्पा, माजे कागद कुटं हायत?"

"क्लासात दिले. रिपीटरची बॅच धरली तुझी. पोरं मधीच सोडून जातेत म्हणून मूळ कागद ठिवून घेतेत ते. कावून?"

दीड वाजला होता. सिरसाळ्याहून लातूर आणि लातूरहून परभणी, पाचच्या आत, कुठल्याच गाडीनं होणारं नव्हतं. अमरनाथनं तरी मोबाईलवर रस्ता पाहिला. दोनदा पाहिला. मग अप्पांना सीईटी, परभणी, मुदत सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "मला जमत न्हाई अप्पा. कितीबी वर्षं द्या, जमणार न्हाई."

"म्हाईत हाय मला," अप्पा म्हणाले.

अमरनाथला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दुसऱ्या बारीलाच कळलं होतं. मी दाणे पारखून पोट भरतो, पोटच्या पोराचं मला कळणार न्हाई का?"

"मग पुन्ना कावून धाडताव?"

अप्पांनी पोत्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. "तू लातूरला असलास की लोक म्हणतेत, पोरगं डॉक्टर व्हायलंय. घरी आलास की म्हणतेल, झालं न्हाई. मला रोज ह्या गल्ल्यावर बसायचंय रे."

अमरनाथला संताप यायला हवा होता, तो आला नाही. आपली वर्षं बापानं बाजारात मान वर ठेवायला वापरली, एवढंच त्याला स्वच्छ दिसलं. तो दुकानातून चालत पुढच्या पायरीवर आला. समोरचा मेडिकलवाला अभिमन्यू ओरडला, "काय डॉक्टर, कवा निघायचं लातूरला?"

"मी डॉक्टर न्हाई," अमरनाथ म्हणाला. मग आयुष्यात ओरडला नव्हता इतक्या जोरात ओरडला, "तीनदा नापास झालोय मी! पुन्ना जाणार न्हाई! मला डॉक्टर म्हणू नका कुणी!"

तराजूवरचे हात थांबले. माणसं वळून पाहू लागली. गहिनीनाथ खांद्यावर पोतं घेऊन तसाच उभा राहिला.

आणि भर बाजाराच्या दिवशी, अर्धा माल बाहेर मांडलेला असताना, महारुद्रअप्पांनी आतून शटर खाली ओढलं. पोरगा बाहेरच राहिला.