नॉर्मल एमआरआय आणि ड्रिपची नळी

"बघा साहेब, नॉर्मल! आता गोळ्या बंद."

तीर्थपुरीच्या महादूआबांनी एमआरआयची फिल्म माझ्या खिडकीतल्या उन्हात धरली. मागे त्यांचा मुलगा विष्णू उभा होता.

मी जालन्यात मानसोपचार तज्ज्ञ आहे. विष्णूला बायपोलर आजार. कधी मन पार खचतं, कधी इतकी तेजी येते की झोपच नको. मागच्या तेजीत त्यानं, मुलगी पाहिलेली नसताना, स्वतःच्या लग्नाचं गावभर आवतण दिलं. मंडपवाला येऊन खड्डे खणून गेला! गोळ्यांनी पोरगा सावरला होता. त्या सुटल्या तर सगळं मुसळ केरात. एमआरआय मी सांगितलाच नव्हता. कुण्या सोयऱ्याचा सल्ला.

"आबा, साध्या एमआरआयमध्ये हा आजार दिसत नाही."

"मंग कशात दिसतो?"

इथं मी फसलो. मेंदूतलं व्हाइट मॅटर म्हणजे एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या तारा. खास स्कॅन करून पुष्कळ रुग्णांची सरासरी काढली, तर त्यांत बारीक फरक आढळतात. एकट्याच्या फिल्मवरून निदान होत नाही. हे आबांना कसं सांगावं? त्यांची मोसंबीची बाग आठवली.

"बागेतली ड्रिपची नळी वरून चांगलीच दिसते. आत काय झालंय ते कळतं का?"

आबा खुलले. "बराबर! आत क्षार धरतो. मंग ॲसिड सोडावं लागतं. सोडा की याच्या डोक्यात! एकदाच काम खतम."

मी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात विष्णू बोलला, "आबा, एकदा ॲसिड सोडलं की नळी कायमची साफ राहती का?"

"न्हाई. सोडीतच राहावं लागतं." आबा थबकले. "मंग ह्या गोळ्या..."

"तसंच," मी म्हणालो. "बंद केल्या की मंडपवाला पुन्हा येईल."

आबांनी फिल्म गुंडाळली. मला इतकं हायसं वाटलं की ही तुलना शास्त्राला धरून नाही, हे सांगायला उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं.

महिनाभरानं गावच्या पोलीस पाटलांचा फोन.

"डॉक्टर, महादू गावभर सांगून राह्यला, पोराला रोज ॲसिड चालू हाय म्हणून. काय भानगड हाय?"

"ॲसिड नाही हो, गोळी आहे. वेळेवर देतो का?"

"बिलकुल. सोता समोर उभा राहून."

"मग म्हणू द्या काय म्हणायचं ते."

उपमा एकदा दिली की ती सासरी गेली. तिथं तिचं नाव बदललं, तर माहेरच्यांनी बोलू नये.