ट्रंकमावशींची नवी लाईन

ट्रंकमावशींना वाकलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे एका संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो आणि त्या आमच्या हॉलमध्ये कमरेत वाकून, नजर फरशीला लावून, हळूहळू चालताना दिसल्या, तेव्हा काहीतरी पडलंय अशी माझी खात्रीच झाली. मदतीची संधी मी सहसा सोडत नाही. बॅग टाकली, गुडघ्यांवर बसलो आणि सोफ्याखाली हात घातला. रिमोटचा एक जुना सेल, मुलीची क्लिप आणि बरीचशी धूळ बाहेर काढून विचारलं, "ताई, यातलं काही आहे का? की कानातली कुडी पडलीय?"

त्या थांबल्या, पण वाकलेल्याच राहिल्या. त्यामुळे आमची तोंडं जवळजवळ एका उंचीवर आली.

"श्रीकांतराव," त्या शांतपणे म्हणाल्या, "परवा तुम्हीच मला हॉस्पिटलातून घरी आणलंत. माझं पोट कापून शिवलंय. टाक्यांवर ताण नको म्हणून डॉक्टरांनी मला काही दिवस असं चालायला सांगितलंय. तुम्ही उठा. तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही."

ट्रंकमावशी म्हणजे माझ्या बायकोची, विद्याची, थोरली बहीण. मी त्यांना तोंडावर 'ताई' म्हणायचो. 'ट्रंकमावशी' हे माझ्या मुलांनी ठेवलेलं नाव. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या परगावचे ट्रंक कॉल जोडायच्या. कानांना हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि पाठ अशी सरळ की खुर्चीला पाठ असते हे त्यांना माहीत नसावं. लग्न त्यांनी केलं नाही. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, आणि रविवारी आमच्याकडे हडपसरला जेवायला यायच्या. जेवताना दोघं एकदम बोलायला लागली की हात वर करून म्हणायच्या, "एकेकाने. आधी विद्या. श्रीकांतराव, तुम्ही लाईनवर थांबा." मी अजून थांबलेलोच आहे. माझा नंबर फारसा लागला नाही.

पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे एसटीडी बूथ आले, मग ज्याच्यात्याच्या खिशात मोबाईल आले, आणि बोर्डासकट ट्रंक कॉल गेला. मावशींना तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. त्याचं त्यांनी दुःख केलं नाही. "पूर्वी मी लोकांचे फोन जोडत होते," त्या म्हणायच्या, "आता ते का जोडले जात नाहीत ते ऐकते. आवाज तेच आहेत, फक्त चिडलेले."

पन्नाशी उलटल्यावर त्यांना गाठ लागली. डावीकडे. हे मला कसं कळलं, तर विद्या फोनवर हळू आवाजात म्हणत होती, "ताईच्या... तिथे." आमच्या घरात त्या अवयवाला नावच नव्हतं. मी चौकशी करायला गेलो तेव्हा मीही तेच केलं. "ताई, ते... त्या बाजूचं काय म्हणाले डॉक्टर?" मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि गुवाहाटीला नंबर सांगावा इतक्या स्वच्छ उच्चारात म्हणाल्या, "स्तन. छोटा शब्द आहे, श्रीकांतराव. तुम्हाला जमेल." मग शांतपणे पुढे म्हणाल्या, "काढावा लागणार आहे."

तो काढला. औषधं झाली, केस गेले, केस आले. डॉक्टर म्हणाले, आता सगळं ठीक आहे. घरात आम्हीही ते एकमेकांना इतक्यांदा सांगितलं की आम्हाला ते खरं वाटायला लागलं. मावशी ब्लाऊजमध्ये कापसाची एक छोटी उशी घालायच्या. बाहेरून कोणाला कळायचं नाही. मग लोणी काळभोरच्या एका कार्यालयात माझ्या पुतणीचं लग्न होतं. अक्षता टाकायला सगळ्यांबरोबर मावशींनीही हात वर केला, आणि ती उशी सरकून गळ्यापाशी आली. कोणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या तर नाहीच आलं. पण नंतर पूर्ण वेळ मावशी छातीवर पदर घट्ट धरून एका कोपऱ्यात बसल्या. घरी येताना गाडीत त्या विद्याला म्हणाल्या, "नवरा मुलगा कसा होता गं? मी पाहिलाच नाही. माझं सगळं लक्ष माझ्याचकडे."

विद्याने गाडीची काच वर केली. मावशीच पुढे म्हणाल्या, "मला हे असं म्हातारपणापर्यंत नकोय."

मग शोधाशोध सुरू झाली. त्या दिवसांत आमच्याकडे नवीनच इंटरनेट आलं होतं. मुलगी कॉम्प्युटरसमोर बसून इंग्रजी वाचून मराठीत सांगायची, मावशी बाजूला ताठ बसून ऐकायच्या, आणि मी कशाला तरी हात लावून ते बंद पाडायचो. काही करायचं नाही, हा एक मार्ग होता. आतमध्ये सिलिकॉनची पिशवी बसवायची, हा दुसरा. तिसरा म्हणजे स्वतःच्याच ओटीपोटावरची कातडी आणि चरबी उचलून वर न्यायची आणि तिचा स्तन घडवायचा. मावशींना तिसरा आवडला. पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "आयुष्यभर खुर्चीत बसून मिळवलेलं आहे. सरकार पेन्शन देईल तेव्हा देईल, हे तर आत्ताच हाताशी आहे."

हे नातेवाइकांत पसरलं. विद्याच्या कोथरूडच्या मामी मुद्दाम भेटायला आल्या. मामींचा स्वभाव प्रेमळ, त्यामुळे त्या सगळंच बोलतात. "अगं, एवढं मोठं ऑपरेशन. आजार गेला ना? देवाने वाचवलं ना? आता या वयात हे कोणासाठी?" 'कोणासाठी' म्हणताना त्यांची नजर मावशींच्या रिकाम्या घरावरून एकदा फिरून आली.

मावशींनी मामींच्या कपात चहा ओतला. "माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "मामी, आरशासमोर तर मीच उभी राहते ना? तुम्ही थोड्याच येता." मामी चहा पिऊन गेल्या. नंतर बरेच दिवस त्या मला फोनवर 'तुमच्या मेहुणीबाई' असं म्हणत होत्या.

सर्जन तरुण होता, पोरसवदाच. त्याने कागदावर चित्र काढून समजावलं. पोटावरचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट उचलायचा, छातीवर न्यायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाहिन्या तिथल्या वाहिन्यांना जोडायच्या. रक्त वाहायला लागलं की तुकडा जगला.

"म्हणजे ट्रंक कॉल," मावशी म्हणाल्या. डॉक्टर गोंधळला. त्याच्या वयाला ट्रंक कॉल कुठला माहीत असणार.

"आणि लाईन नाही लागली तर?"

त्याने पेन खाली ठेवलं. "बहुतेक वेळा लागते. क्वचित बंद पडते. मग तो भाग काढून टाकावा लागतो. आणि पोटाची जखम राहतेच."

मावशी उठल्या. "इतकं सरळ मला अजून कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्याकडेच करू."

ऑपरेशन दिवसभर चाललं. दुसऱ्या दिवशी आम्ही भेटलो तेव्हा मावशी गुडघ्यांखाली उशा घेऊन, घडी घातल्यासारख्या पडल्या होत्या. अमरावतीकडची एक सिस्टर पेनासारखं एक यंत्र घेऊन अधूनमधून यायची, नव्या स्तनावर टेकवायची, आणि त्यातून रक्त वाहण्याचा आवाज यायचा. फुस्स, फुस्स. मावशी डोळे मिटून ऐकायच्या. "पूर्वी गुवाहाटी असाच लागायचा," त्या मला म्हणाल्या. "बोलणं कमी, वारा जास्त. पण लाईन चालू असायची."

त्याच दुपारी सिस्टरने यंत्र टेकवलं आणि काहीच ऐकू आलं नाही. तिने जागा बदलली. पुन्हा बदलली. मग ती मावशींकडे बघून हसली. त्या हसण्यानेच आम्हाला भीती वाटली. "थांबा हं मावशी, मी डॉक्टरांना बोलावतेच." डॉक्टर आला, त्याने तिथल्या कातडीचा रंग पाहिला, स्वतः ऐकलं, आणि म्हणाला, एक वाहिनी बंद झालीय, लगेच पुन्हा आत न्यायला लागेल.

स्ट्रेचर निघालं. मी पेजेचा फ्लास्क धरून भिंतीला चिकटलो होतो. अशा वेळी माझी बहुतेक तीच जागा असते. विद्या बरोबर चालत होती. मावशींनी तिचं मनगट धरलं. "विद्या, हे गेलं तर गेलं. पण मागाहून सगळे म्हणतील, उगाच केलंस, काय अडलं होतं. त्यांना सांग, तिला हवं होतं. बाकी काही सांगू नकोस." मग जराशा थांबल्या. "आणि मलाही सांग. मी विसरले तर."

दार बंद झालं. विद्या बाकावर बसली. मी फ्लास्क उघडून तिला म्हणालो, "थोडी पेज घेतेस?" तिने घेतली. त्या दोन तासांतलं माझं तेवढंच एक काम नीट झालं.

डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आला आणि म्हणाला, गुठळी काढली, पुन्हा जोडलंय. संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. मावशी अजून गुंगीत होत्या. सिस्टरने यंत्र टेकवलं. "ऐका न मावशी," ती म्हणाली. फुस्स, फुस्स, फुस्स. मावशींनी डोळे उघडले नाहीत, नुसते ओठ हलवले. "बोला," त्या म्हणाल्या. "बोला, लाईन लागली."

तिसरा मजला चढणं शक्यच नव्हतं म्हणून त्या आमच्या तळमजल्यावरच्या घरी राहायला आल्या, आणि मग सोफ्याखालचा तो प्रकार झाला. पोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाके, वरून पट्टा. बेंबीसुद्धा नव्या जागी बसवली होती. "तिची बदली झाली," मावशी म्हणाल्या. उचलायचं नाही, खोकायचं झालं तर पोटाशी उशी धरायची, आणि हसायचं तर अजिबात नाही, दुखतं. विद्याने घरात सगळ्यांना ताकीद दिली. मी विचारलं, "मग मी ताईंशी बोलायचंच नाही का?" ती म्हणाली, "तुम्ही बोला हो. तुमच्या विनोदांनी कोणावर ताण पडत नाही." आतल्या खोलीतून मावशींचा आवाज आला, "अगं विद्या, नको ना, दुखतं गं." माझ्या इतक्या वर्षांच्या विनोदांना मिळाली नव्हती ती दाद तिने एका वाक्यात मिळवली.

हळूहळू त्या ताठ होत गेल्या. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख दिसायला लागली, मग चित्र, मग एके सकाळी चहा देताना माझ्या लक्षात आलं की मीच मान वर करून बोलतोय. वाईट दिवसही होते. एकदा त्या आरामखुर्चीत बसून नुसत्या रडत होत्या, आणि मी समोर बसून पेपर वाचल्याचं नाटक केलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "उलटा धरलाय." मी सुलटा धरला.

सदाशिव पेठेत परत जायच्या आदल्या दिवशी त्यांनी विद्याला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मी बाहेर भाजी निवडत बसलो. आतून आधी बोलणं आलं, मग बराच वेळ काहीच नाही. विद्या बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "मेथीच्या काड्या कशाला ठेवल्यात?" आणि माझ्यासमोरून ताट ओढून घेतलं.

मावशी त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. तिसरा मजला रोज चढल्या, मैत्रिणींबरोबर कन्याकुमारीला जाऊन आल्या, लग्नांना गेल्या आणि नवऱ्या मुलांना नावं ठेवत परत आल्या. दोन वर्षांपूर्वी त्या झोपेतच गेल्या, हृदय थांबलं. त्या आजाराचा याच्याशी काही संबंध नव्हता.

तेरावा झाल्यावर आम्ही त्यांच्या दोन खोल्या आवरायला गेलो. विद्या खिडकीपाशी बसून त्यांच्या साड्यांच्या घड्या घालत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही तेव्हा मेथी निवडताना विचारलं होतं ना, काय झालं म्हणून. तिने माझा हात धरला आणि तिथे ठेवला. मला वाटलं होतं, गार लागेल. नाही लागलं हो."