जेवलीस का, चिपबाई?

चुंगहोच्या एका कॉम्प्युटरच्या कारखान्यात फान शुई-मू काय काम करतो असं कुणी विचारलं, तर त्याची बायको सांगायची, "टोप्या घालतो." आणि ते खरंच होतं. टोपी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा, आत पत्र्याची पट्टी. मदरबोर्डवर पिनांची एक रांग असे. त्यातल्या कोणत्या दोन पिनांवर टोपी घातली, यावर चिपला किती व्होल्टेज जायचं ते ठरे. त्या काळी तीन कंपन्यांच्या चिपा एकाच खाचेत बसायच्या. बसायच्या सगळ्या सारख्याच ऐटीत, पण एकीला लागायचे साडेतीन व्होल्ट, दुसरीला दोन पॉइंट नऊ आणि तिसरीचं दोन पॉइंट दोनमध्येच पोट भरायचं. कमी दिलं तर बया ढिम्म हलायची नाही. जास्त दिलं तर भाजलेल्या माकुळासारखा वास सुटायचा आणि मालक जिन्यातच बसकण मारायचे.

फानच्या हातून एकही चिप जळली नव्हती. तो चिप उताणी करून तिचा नंबर वाचायचा, टोपी घालायचा, मीटर लावून बघायचा आणि मग खाली वाकून हळूच विचारायचा, "जेवलीस का, चिपबाई?" पडद्यावर अक्षरं उमटली की म्हणायचा, "जेवली." त्या मुलुखात रस्त्यात भेटलेल्या माणसालाही हेच विचारतात आणि तोही, पोटात कावळे कोकलत असले तरी, "जेवलो" म्हणून पुढे जातो. तेव्हा यात फानचं डोकं फिरलंय असं कुणाला वाटत नसे.

मालक चान थ्येन-लू म्हणजे फानचा जुना दोस्त. तरुणपणी दोघांनी सानचुंगच्या बाजारात एकाच फळीवर पंखे दुरुस्त केले होते. पुढे चानला श्रीमंत सासरा मिळाला आणि तो मालक झाला, फानला नाही मिळाला, एवढाच काय तो फरक. चान मनानं लोण्यासारखा माणूस. कुणाला अप्रिय असं काही बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. न्हाव्यानं एकदा चुकून भांग उलटा पाडला, तर "बरा आहे" म्हणाला आणि तेव्हापासून तसाच भांग वागवत होता. जे बोलायचं ते मालकीणबाई बोलत. पण कामावरून कुणाला काढायचं तर ते पुरुषानं सांगावं, अशी बाईंच्या घरची रीत होती.

वर्ष संपायला आलं आणि यू पेइ-ची ही तरुण इंजिनियर नवा बोर्ड घेऊन फानच्या टेबलाशी आली. पोरगी गुणी, फानवर तिचा जीव होता.

"मूकाका, यावर टोप्या नाहीत."

"विसरलीस का काय?"

"विसरले नाही. नव्या चिपा स्वतःच सांगतात बोर्डला, मला एवढे व्होल्ट दे म्हणून. त्यांच्या पायांतच ते ठरवून दिलेलं असतं."

"आणि बोर्ड देतो?"

"मुकाट्यानं देतो."

"कुणी न विचारता?" फाननं बोर्ड उलटापालटा केला. "पाहुणा दारात चपला काढायच्या आधीच म्हणतो, मला दोन वाट्या भात वाढा. हा कसला पाहुणा?"

"शहाणा पाहुणा, काका," पेइ-ची म्हणाली आणि लगेच तिला वाईट वाटलं.

वरच्या मजल्यावर बाईंनी ही बातमी ऐकली आणि त्यांचा हिशेब झटक्यात जुळला. "टोप्या नाहीत तर टोप्या घालणारा कशाला? जा, सांगा त्याला."

चान खाली आला. फानच्या टेबलाशी उभा राहिला. खाकरला.

"आ-मू, जेवलास का?"

"जेवलो, मालक."

"बरं, बरं." आणि वर गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. असं पंधरवडाभर चाललं. फानला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. रात्री त्याला झोप लागेना. टोप्यांशिवाय आपण कोण, हेच त्याला उमगेना. शेवटी बाईंनी कपाळाला हात लावला. "तुमच्याच्यानं व्हायचं नाही. कोंबडीच सांगेल."

वर्षअखेरच्या जेवणाला तिथला प्रत्येक मालक सगळ्या कारखान्याला हॉटेलात नेतो. गोल टेबल, मधोमध फिरती काचेची तबकडी, तिच्यावर पदार्थ. त्यात अख्खी उकडलेली कोंबडी आली की सगळ्यांचे श्वास अडकतात. कारण कोंबडीचं तोंड ज्याच्याकडे, त्यानं नवीन वर्षी दुसरीकडे काम शोधायचं. हल्ली बरेच मालक ते तोंड स्वतःकडे वळवून घेतात नाहीतर कापूनच आणायला सांगतात. बाईंनी वाढप्याला बाजूला घेऊन नीट समजावलं होतं. कोंबडी आली ती थेट फानकडे तोंड करून, चोच जराशी उघडी, बोलायच्या बेतात असल्यासारखी.

फाननं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"मला तो मासा हवाय," पेइ-ची एकदम म्हणाली आणि तिनं तबकडी फिरवली. तोंड गेलं ड्रायव्हर आ-त्सायकडे.

"बाईसाहेब, माझी बायको पोटुशी आहे," आ-त्साय कोंबडीलाच म्हणाला आणि त्यानं तबकडी ढकलली. तोंड आलं पॅकिंगच्या दोघी बहिणींच्या मधोमध. धाकटी म्हणाली, "ताई, तुझ्याकडे बघतेय." थोरली म्हणाली, "ती चकणी आहे, तुझ्याकडेच बघतेय." दोघींनी मिळून असा जोर लावला की सूप बाईंच्या मांडीवर सांडलं, आणि कोंबडी गरगरत जाऊन थांबली ती मालकांसमोर.

सगळ्यांना वाटलं, मालक आता हसून ती वळवतील. चाननं हात मांडीवरच ठेवले. त्याच्या तोंडावर चक्क सुटका झाल्याचा भाव होता. "राहू दे की," तो हळूच म्हणाला. "मी जातो."

"भलतंच काय!" बाई पदार्थांवरून ओरडल्या. "फिरवा ती!"

चाननं हात तबकडीला लावला, मागे घेतला, पुन्हा लावला. फानला ते बघवेना. तो उभा राहिला, चॉपस्टिक्सनी त्यानं कोंबडीचं डोकं पिरगाळून काढलं, तोंडात टाकलं आणि तुऱ्यासकट कुडुमकुडुम चावून खाऊन टाकलं.

"मूकाका, ते कुणी खात नाही हो," पेइ-ची कुजबुजली.

"आता कुणाला काही सांगायचं असेल, तर त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं," फान म्हणाला आणि त्यानं वर ज्वारीच्या दारूचा घोट घेतला.

सगळ्यांनी मालकांकडे बघितलं. मालकांनी पेला उचलला. ओठ दोनदा हलले. "जेवा," ते म्हणाले. "सगळे जेवा."

अशा रीतीनं फान कामावर राहिला, पण काम राहिलं नाही. तो नवी चिप खाचेत बसवायचा, वाकून विचारायला जायचा, तोवर पडद्यावर अक्षरं आलेली असायची. विचारायच्या आधीच जेवून मोकळी. टोप्यांचा डबा खणात तसाच पडून होता. आणि चान रोज यायचा, खाकरायचा, जेवलास का विचारून वर जायचा. वरून बाईंचा मारा, खाली तोंडातून शब्द फुटेना, यात तो वाळत चालला. पँट पट्ट्यानं आवळून धरलेली. फानच्या लक्षात आलं की मालक नावाची ही एक चिप उताणी करून तिचा नंबर आपण कधी वाचलाच नाही. त्याला फार वाईट वाटलं.

एक दिवस दुपारी चान आला.

"आ-मू, जेवलास का?"

"नाही, मालक."

चान गडबडला. हे उत्तर त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. "नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही जेवलो. आणि तुम्ही तर महिनाभर जेवला नाहीत. चला."

गल्लीच्या तोंडाशी शेवयांचं दुकान होतं. दोघे तिथल्या बुटक्या स्टुलांवर बसले. वाफाळते वाडगे आले. चान वाडग्यात बघत राहिला. फान आपल्या शेवया खात राहिला. तो कुणाला घाई करणाऱ्यांतला नव्हताच.

"आ-मू," चान शेवयांना म्हणाला, "टोप्या संपल्या."

"हं."

"तेव्हा आता उद्यापासून तू... येऊ नकोस."

"हं."

"रागावलास?"

"रागावलो. रडूही येतंय. पण बोललात हे बरं केलंत. शेवया गार होतायत."

चान खायला लागला. एक वाडगा संपवला, दुसरा मागवला, त्यात तिखट घातलं, नाक पुसलं. परत येताना त्याची चाल पंखेवाल्या दिवसांतली झाली होती. फाननं खणातला टोप्यांचा डबा घेतला, छत्री घेतली आणि तो दाराशी आला. चाननं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणाला, "उद्या जरा लवकर ये. माल यायचाय."

आणि शीळ घालत वर गेला.

फान दारात उभा राहिला. दोन्ही वाक्यं मालकांचीच. बोर्डवर मात्र एक नियम सरळ होता. आधी कुठे का घातलेली असेना, शेवटी घातलेली टोपी तीच खरी.

दुसऱ्या दिवशी तो लवकर आला. छत्री टांगली, डबा खणात ठेवला. मालक आले, त्याला बघून थबकले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"जेवलात का, मालक?" फाननं विचारलं.

"जेवलो," चान म्हणाला आणि जिना चढून गेला.

थोड्याच वेळात वरून बाईंचा आवाज आला. मग दुसरा एक आवाज आला, मोठा, चिरका, फारसा कधी न वापरलेला. "तो इथेच राहणार. मी सांगतोय."

खाली पेइ-चीनं वर बघितलं. फाननं नवी चिप उचलली, उताणी केली आणि उगाचच तिचा नंबर वाचला.