धुकं कोंडणारे बबनराव

अगं सुमे, हा कागद जवळ घे आणि चष्मा लावून वाच. आत्याचं पत्र म्हणजे लग्नपत्रिका नव्हे, तारीख बघून फळीवर टाकायला. परवा फोनवर विचारलंस, "कोण गं ते बबनराव?" असं विचारतात होय?

आमच्या धायरीच्या सोसायटीत तळमजल्याला राहायचे. कुणाकडेही गेले की आधी मागे वळून दार लावायचे. भर उन्हाळ्यातसुद्धा. मी म्हणायची, "अहो, वाऱ्याला तरी येऊ द्या." तर म्हणत, "वैनी, वारं आगीचं सगळ्यात जवळचं पाव्हणं हाय."

जन्मभर हिंजवडीच्या कंपन्यांतून आग विझवायचे पाइप बसवले त्यांनी. बंब नव्हे गं. छताला बारीक तोट्या. खोली तापली की त्यातून आपोआप पाणी सुटतं, अगदी धुक्यासारखं. काम सुटल्यावर आमच्या तळघरातल्या जनरेटरच्या खोलीतही तसंच बसवून दिलं, स्वतः शिडीवर चढून. "पाणी थोडकंच लागतं. पण धुकं कोंडलं पायजे. दार उघडं ऱ्हायलं की समदं फुकट." आरतीसारखं पाठ झालं होतं मला.

दर एक तारखेला ते धुकं सोडून बघायचे. त्या वर्षी चैत्रात अवकाळी पाऊस धरून बसला, म्हणून मी कुरडया त्या उबदार खोलीत खाटेवर पसरल्या होत्या. सगळ्या भिजल्या. मी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "आग काय कुरडया वाळायची वाट बघती व्हय?"

मी दुसरा घाणा घातला. एक तारीख लांब होती, तरी पुन्हा भिजायच्या धास्तीनं ते मंडईला गेल्यावर खाली जाऊन पाण्याची चावी बंद केली. कशी फिरवायची ते त्यांनीच शिकवलेलं. दोनच दिवस, म्हटलं. कुरडया वाळल्या, डब्यात भरल्या. चावी डोक्यातूनच गेली.

आठवडाभराने दुपारी वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि काळा धूर वर आला. तोट्या कोरड्या. बबनराव जेवत्या ताटावरून उठले. चावी खोलीच्या आत, भिंतीला. आत शिरले आणि मागे दार लावून घेतलं. कोंडल्याशिवाय धुकं काय करणार? थोड्या वेळानं दाराखालून पांढरं झिरपलं. आग विझली. दार उघडलं तेव्हा ते चावीखाली बसलेले होते. धुरानं गेले.

कमिटीनं ठरवलं, यंत्रच बिघडलेलं. म्हाताऱ्याचं काम कच्चं. त्यांची बायको, शेवंताबाई, मान खाली घालून ऐकत होती. तिचा हात माझ्या हातात होता आणि मी बोलले नाही. आजवर नाही. कुरडयांचा डबा तसाच आहे. तळवतही नाहीत, टाकवतही नाहीत.

सुमे, लवकर ये. शेवंताबाईकडे जायचंय. तिचं दार मला एकटीनं वाजवता येत नाही गं.