रेघ नसलेली जागा

"ही पोरगी बोलत न्हाय, पण रेघ सरळ मारती," आबा बाकावरच्या माणसाला सांगत होते. मला ऐकूच आलं नाही असं दाखवत मी पडद्याकडे बघत राहिले.

इंदापूरच्या स्टँडसमोर आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. मी इंग्रजी शाळेतली. माझ्या मराठीला लोक हसतील या भीतीने 'हं' आणि 'झालं' एवढ्यावर दिवस काढायची. आबा वरकुट्याचे पाटकरी. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात केव्हा जाणार, ते बघायचे. पाणी सुटायच्या आधी पाळ्यांचा तक्ता छापून घ्यायला येत. खिशातून चार घड्यांचा कागद निघे, त्यावर पट्टीने आखलेल्या चौकटी. कागदालाही ओल्या मातीचा वास यायचा.

"सगळी एका पानात बसवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "दुसरं पान वारा नेतो, आन् त्या पानावरचा माणूस माझ्या दारात भांडायला येतो."

मी कागद आडवा करायची, समास कमी करायची, रकाने अरुंद करायची. आबा खुर्चीमागे उभे. त्यांचं ते बघणं तुम्ही बघायला हवं होतं. टेकडीवरून रान न्याहाळावं तसे ते पडद्यावरच्या फिकट रेघांकडे बघत. या रेघा छापून येत नाहीत, असं मी एकदा कसंबसं सांगितलं. आबांनी पडद्यावरच्या एका रेघेवरून बोट फिरवलं.

"हायेत, पण कागदावर येत न्हाईत," ते हळूच म्हणाले. "असल्या रेघा बऱ्या."

त्यांच्या कागदावर एका ठिकाणी मात्र दोन नावांमध्ये रेघच नव्हती. राहून गेली असेल, असं मला वाटलं. मी सगळ्या तक्त्याला एकदम चौकटी दिल्या आणि छापला. आबांनी कागद घेतला, बोट जिभेला लावलं आणि ती रेघ पुसायला लागले. शाई पसरली.

"ताई, हितं रेघ नको. सख्खे भाऊ हायेत. चार वर्सं बोलत न्हाईत. पण पाळी एकच, म्हणून जो येईल तो दुसऱ्याचंबी रान भिजवतो. तक्ता भिंतीवर लागला आन् त्यात रेघ दिसली की दोन पाळ्या मागतील. मग तेवढंबी ऱ्हाणार न्हाय."

मी ती रेघ काढून टाकली. दोन नावं एकाच चौकटीत एकाखाली एक राहिली, उन्हात डोळे मिटून बसल्यासारखी.

पुढच्या खेपेला त्यांनी टेबलावर दोन डाळिंबं ठेवली. "एक थोरल्याच्या रानातलं, एक धाकट्याच्या. वळखा." मला ओळखता आलं नाही. आबा जाईपर्यंत हसत होते.

मग एका उन्हाळ्यात कागद आला, आबा आले नाहीत. नव्या पाटकऱ्याच्या खिशाला दोन पेनं होती. "आबा गेले की, दिवाळीनंतर," तो म्हणाला. मी "हं" म्हणाले आणि जुना तक्ता उघडला. खुर्चीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटत राहिलं.

तो पडद्याजवळ वाकला. "मॅडम, हितं एक रेघ सुटलीय. मारून टाका."

माझं बोट माउसवर होतं. पंख्याने टेबलावरचा कागद हलत होता. 'झालं' म्हटलं असतं, तर तो पाच मिनिटांत गेला असता.

"हितं रेघ नको," मी म्हणाले. "बसा. सांगते."