मयतास मुलगी नाही

अंबाजीच्या सहीला बेडसे गावात वजन होतं. तीस वर्षं कोतवालकी केलेला माणूस. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाची तिरडी उठली, याची वर्दी पंचायतीत द्यायची ती त्यानंच. त्यामुळं कुणी मेलं की सातबाऱ्यावर वारस लावताना पहिला पंच अंबाजी, हे ठरलेलं. मयताला मुलं किती, बायको हयात आहे का, एवढं लिहिलेला कागद पुढं यायचा आणि अंबाजी खिशातलं पेन काढून सही ठोकायचा. बदल्यात चहा, फार तर मिसळ. लाच नव्हे हो, रीत! आपल्याकडं घाणीला रीत म्हटलं की नाक दाबायचीही गरज उरत नाही.

बाजीराव वारला तेव्हाही तेच झालं. बाजीराव अंबाजीच्या बरोबरीचा, दोघांचा बांधाला बांध. त्याला दोन मुलं, कैलास आणि तेजल. तेजल शिकली, कॅनडाला गेली, तिथंच संसार थाटला आणि तिथली नागरिक झाली. इथं उरला कैलास, आणि पवनेच्या रस्त्याला लागून तीन एकर जमीन. फार्महाऊस बांधणाऱ्या एका पार्टीचा त्या जमिनीवर कधीपासून डोळा होता. बापाचं तेरावं व्हायच्या आत कैलासनं अंबाजीला कामशेतच्या हॉटेलात नेऊन बसवलं.

“आबा, तेजीचं नाव घालायचं न्हाई,” कैलास म्हणाला. “ती आता कॅनडाची झालीया. आसल्या लोकास्नी शेतजमीन चालत न्हाई. कायदाच हाय तसा.”

अंबाजीला हे पटलं, कारण ते अर्धं खरं होतं. दोन वर्षांपूर्वी लंडनचा एक गुजराती म्हातारा गावात शेत घ्यायला आला होता. मूळचा आपल्या देशातलाच, पण नागरिकत्व तिकडचं. अशा माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही म्हणून हात हलवत परत गेला. विकत घेणं वेगळं आणि बापामागं वारशानं येणं वेगळं, हा फरक अंबाजीच्या डोक्यात आला नाही. खरं सांगायचं तर त्यानं तो येऊच दिला नाही. मिसळ गरम होती. त्यानं न वाचता सही केली.

महिन्याभरानं तेजल आली ती थेट अंबाजीच्या ओट्यावर. पर्समधून तिनं निळं ओसीआय कार्ड काढलं. परदेशाचे नागरिक झालेल्या आपल्या लोकांना सरकार देतं ते.

“मला जमीन विकत घेता येत नाही, मान्य,” ती म्हणाली. “पण बापाची वारशानं मिळते, आबा. वकिलाला विचारून आलेय मी. आणि माझं नागरिकत्व गेलं, असं तुम्ही लिहिलेलंच नाही. काय लिहिलंय ते वाचा.”

तिनं मोबाइलवर पंचनाम्याचा फोटो पुढं धरला. ‘मयतास एक मुलगा. मयतास मुलगी नाही.’ खाली अंबाजीची सही.

अंबाजीनं ते दोनदा वाचलं. या पोरीच्या जन्माची वर्दी त्यानं स्वतः पंचायतीत दिली होती, बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या होत्या. पोरगी परदेशी झाली, असं लिहायचीही हिंमत नव्हती त्या कैलासला. कारण ते लिहिलं असतं तर कुणीतरी कायदा उघडून बघितला असता. त्यापेक्षा ती जन्मलीच नाही, हे सोपं! अंबाजीला कैलासची शिसारी आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

तेजलनं हरकत घेतली, सुनावणी लागली. तसा कैलास पेढ्यांचा पुडा घेऊन आला.

“आबा, सही फिरवली तर खोट्या पंचनाम्यापायी तुमीच आत जाल. गप ऱ्हावा. फार्महाऊस झालं की तुमच्या सुनंला तितंच सैपाकाचं काम लावून देतो.”

स्वतःच्या बापाच्या रानात बहिणीला पाय ठेवू द्यायचा नाही, आणि शेजाऱ्याच्या सुनेला तिथं परक्यांच्या भाकऱ्या थापायला लावायचं, तेही उपकार म्हणून! अंबाजीनं पेढे गोठ्यात म्हशीपुढं टाकले. कैलासला उंबऱ्याबाहेर काढताना त्याची जीभ जी सुटली, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सुनावणीला अधिकारी बाई होत्या. त्यांनी पंचनामा पुढं सरकवला.

“सही तुमचीच?”

“माजीच. पर मजकूर खोटा हाय, बाईसायब. बाजीरावाला लेक हाय. ही काय, हितं बसलीया.”

“मग सही कशी केलीत? वाचलं नव्हतं?”

“वाचलं न्हाई म्हनालो तर सुटंन मी. पर खरं ह्ये, की मला वाचायचंच नव्हतं.”

बाईंनी जबाब लिहून घेतला. एकट्या कैलासची नोंद नामंजूर झाली, तेजलचं नाव लावायचं ठरलं, आणि खोट्या पंचनाम्याबद्दल अंबाजीला नोटीस निघेल असंही बाईंनी बजावलं. अंबाजी उठला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. आपण मोठं सत्कर्म केलं, पोरगी आता पाया पडेल, असं त्याच्या मनात आलंच. माणसाची जात मोठी निर्लज्ज.

तेजल बाहेर उभी होती. ती पाया पडली नाही.

“काल मी शिरगावला गेले होते, आबा. देवळाबाहेर नंदाआत्या हार विकत बसली होती.”

नंदाबाई म्हणजे अंबाजीची पाठची सख्खी बहीण. तिचा नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. अंबाजीनं मान खाली घातली.

“मी विमानानं आले, वकील केला, म्हणून माझं नाव लागलं,” तेजल म्हणाली. “आत्या तर इथलीच. तिचा पासपोर्टसुद्धा नाही. तिचं नाव आहे का तुमच्या सातबाऱ्यावर?”

“न्हाई.”

“म्हणजे तुमच्या बापालाही मुलगी नव्हती. असल्या कागदावर सही करणारा इतका हलकट पंच तुम्हाला मिळाला तरी कोण?”

अंबाजीनं उत्तर टाळायला इकडंतिकडं बघितलं. पण आज खरं बोलायची सवय लागली होती.

“बाजीराव,” तो म्हणाला. “तुजा बा. त्याच्या भैनीचं नाव मी खोडलं, माज्या भैनीचं त्यानं.”