साडी घातली होती

वाक्य नऊ शब्दांचं होतं. ‘आत्याने त्या दिवशी फिकट आकाशी सुती साडी घातली होती.’ रविवारी सकाळी सात वाजता ते माझ्या साप्ताहिक पत्रातून शंभरेक वाचकांच्या ईमेलमध्ये पोचलं. सात वाजून बावीस मिनिटांनी पुण्याहून पहिलं उत्तर आलं. लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी लिहिलं होतं, ‘साडी नेसतात. घालतात त्या शिव्या, वाद आणि कुत्र्याला भाकरी.’

दुपारपर्यंत अकरा उत्तरं आली. नऊ क्रियापदाबद्दल होती. दहाव्यात कापड कुठे मिळेल ते विचारलं होतं. अकरावं वडिलांचं होतं, ‘छान.’ वडील प्रत्येक पत्राला एवढंच लिहीत, बाजूच्या खोलीतून.

तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. जबलपूरच्या एका हिंदी दैनिकात शहराच्या पानावर काम करत होते. पाणीकपात, तुंबलेल्या नाल्या, सिव्हिल लाइन्समधल्या कार्यालयांबाहेरची धरणी हे माझे विषय. शिवाय तिसऱ्या पानाच्या तळाशी येणारी चार ओळींची चौकट माझ्याकडे होती, ‘भूल सुधार’. ती माझ्याकडे आली कारण सुरुवातीला तिच्यातल्या बऱ्याचशा चुका माझ्याच असत. माझं नाव कुठेही छापलं जात नसे. शहराच्या पानावर सगळ्यांचं एकच नाव, ‘नगर प्रतिनिधि’.

कपड्यांवरचं पत्र हा सुटीच्या दिवसाचा उद्योग होता. ते मराठीत होतं, कारण हिंदी आठवडाभर पुरून उरे. मराठी मी शाळेत शिकले नव्हते. बोलायला घरात शिकले आणि लिहायला आईच्या जुन्या दिवाळी अंकांवरून. आई नागपूरची, मराठी शाळेत शिकलेली. शनिवारी पत्र वाचून ती ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करी.

पत्राचे नियम मात्र दैनिकातले होते. ‘सुंदर’ चालणार नाही. किती, कुठे, कोणाच्या अंगावर आणि कशासाठी, एवढं लिहायचं. नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावर जानेवारीत दुचाकीवाले जॅकेटच्या आत छातीशी वर्तमानपत्र धरतात, हे मी एका पत्रात लिहिलं. आमचं दैनिक समोरच्या दैनिकापेक्षा दोन पानांनी जाड असल्याने जास्त ऊब देतं, हेही लिहिलं. वडील संरक्षण कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा पेटीत गणवेशाचं राखाडी-निळं कापड उरलं होतं. त्याचा मी आठ खिशांचा कुर्ता शिवून घेतला. अधारतालच्या मुख्य रस्त्यावरच्या शिंप्याने माप घेता घेता विचारलं, “दीदी, इसमें आप दिखोगी कि जेबें दिखेंगी?” तेही छापलं. त्या कुर्त्यात मी दोन वर्षं कार्यालयात गेले. सुरक्षारक्षकाने दोनदा मला वीज खात्याची समजून मीटरकडे नेलं.

त्या रविवारचं पत्र आत्यावर होतं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. ती रेल्वेच्या कार्यालयातून निवृत्त झाली होती आणि आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर एकटी राहत होती. लेखाचा विषय तिच्या निऱ्या. त्या सात असत, सगळ्यांची रुंदी सारखी, सकाळी नऊला जशा तशाच संध्याकाळी सहाला प्रवासी टेम्पोतून उतरताना. वस्तीत त्या प्रसिद्ध होत्या. लग्नात नवरीच्या निऱ्या करायला आत्याला बोलावणं येई आणि ऐन वेळी आत्याचं मनगट दुखे. मी लिहिलं होतं, ‘हे कौशल्य तीस-पस्तीस वर्षांच्या रोजच्या सरावाचं आहे.’

या सगळ्यात एक गोष्ट पणाला लागलेली होती. आठवडाभरापूर्वी पुण्याच्या एका लहान मासिकाच्या संपादक बाईंचा निरोप आला होता. त्या माझी पत्रं वाचत होत्या. कपड्यांवर दरमहा सदर लिहाल का, असं त्यांनी विचारलं होतं. महिनाअखेर एक नमुना लेख पाठवा, पसंत पडला तर पुढल्या अंकापासून सुरू करू, तुमच्या नावाने. मी चार मिनिटांत होकार कळवला आणि एवढ्या लवकर कळवल्याचा दिवसभर पस्तावा केला. आता त्याच बाईंच्या ईमेलमध्ये ते नऊ शब्द पोचले होते. जिला साडीचं क्रियापद माहीत नाही तिने कपड्यांवर मराठीत सदर लिहावं का, हा प्रश्न रास्त होता.

आत्या दर रविवारी चहाला वर येते. त्या दिवशी ती फोन हातात धरूनच आली.

“माझं नाव काहून नाही टाकलं?”

“मी कोणाचंच टाकत नाही.”

“अच्छा. मग लोकांना कसं समजणार, कोणाची आत्या?”

“आत्या, साडी काय करतात?”

“धुतात. काहून?”

“अंगावर काय करतात?”

“घालतात.” आत्या आईकडे वळली. “वहिनी, ही पोरगी बातम्या लिहून लिहून येडी होऊन राहिली.”

आई मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. “नेसतात,” ती म्हणाली.

“काय?”

“साडी नेसतात म्हणतात, ताई. आमच्या नागपुरात.”

“नागपुरात नेसत असतील. अठ्ठावीस वर्षं झाली तुम्हाला इथे येऊन, कधी बोलल्या नाही.”

“पहिल्या वर्षी बोलले होते. तुम्ही सगळे हसले होते.”

आत्याने थोडं आठवून पाहिलं. “हसलो असू,” ती म्हणाली आणि चहा संपवून खाली गेली.

हिंदीत सगळंच पहनतात. मराठीत साडी नेसतात, बांगड्या भरतात, गजरा माळतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, आणि सदरा तेवढा घालतात. आमच्या घरात हिंदीच्या शेजारामुळे पाचही क्रियापदं गेली होती आणि सदऱ्याचं तेवढं उरलं होतं. आईसुद्धा आता घालते असंच म्हणायची. पण लेख तिने वाचला होता.

“शनिवारी तू तीन वेलांट्या सुधारल्यास,” मी म्हटलं. “हे कसं सोडलंस?”

“ते बरोबर होतं.”

“आता तर म्हणालीस नेसतात.”

“बाकीच्या नेसतात. ताई घालतात.” आईने मेथीची काडी मोडली. “त्यांच्या साड्या वाळताना पाहिल्या कधी?”

पाहिल्या नव्हत्या. गच्चीवर आत्याच्या चादरी असत, टॉवेल असत, झाडून सगळं असे. साडी कधी नसे. लोकांच्या शर्टाच्या गुंड्या मोजणाऱ्या मला पंचवीस वर्षांत हे दिसलं नव्हतं.

“त्या आतल्या खोलीत वाळतात,” आई म्हणाली. “दार लावून. पुढचं त्यांनाच विचार.”

एका सूत्रावर बातमी करायची नाही, असा आमच्याकडे नियम होता. सोमवारी कामावर जाण्याआधी मी खाली गेले. आत्याने प्रश्न ऐकला, दाराची कडी लावली आणि कपाटातून आकाशी साडी काढली. सातही निऱ्या कमरेपाशी चार बोटं आतून शिवलेल्या होत्या. वर जाड पट्टी, डाव्या बाजूला तीन हूक. पदराच्या घड्याही खांद्यापाशी टाके घालून पक्क्या केलेल्या. आत्याने ती घागऱ्यासारखी चढवली, हूक लावले, पदर खांद्यावर टाकून एक पिन लावली. मी फोनवर वेळ मोजत होते. पन्नास सेकंद.

“नोकरीचा पहिला हप्ता होता,” ती म्हणाली. “टेम्पोत चढताना साडीवर पाय पडला. सगळी हातात आली. मागून एक जण म्हणाला, दीदी, झंडा फहर गया. टेम्पो भरून लोक हसले. त्या रविवारी बसून शिवली.”

“आणि निऱ्यांचं कौतुक?”

“पहिल्यांदा एकीने विचारलं, दीदी, इतनी बढ़िया प्लेट कैसे बनाती हो. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, प्रॅक्टिस. मग दुसरीला कसं सांगणार?”

“मनगट?”

“मनगट ठणठणीत आहे.” तिने हूक काढले. “हे लिहून टाकू नको. अर्ध्या कॉलनीच्या बायका मला पाहून प्लेट करायला शिकल्या.”

म्हणजे माझं क्रियापद अचूक होतं आणि ते सिद्ध करायची मला मनाई होती. उलट ‘रोजच्या सरावाचं कौशल्य’ हे खोटं निघालं होतं, आणि त्याबद्दल एकाही वाचकाची तक्रार नव्हती. मंगळवारी संपादक बाईंचा निरोप आला. ‘आत्यावरचं पत्र वाचलं. एका क्रियापदाशी थबकले. नमुना लेखाची वाट पाहते.’ ‘थबकले’ हा शब्द मी बऱ्याच वेळा वाचला. तो दर वेळी सारखाच थंड होता.

पुढच्या रविवारच्या पत्राच्या तळाशी मी चौकट टाकली. ‘चूक दुरुस्ती. मागील पत्रात ‘साडी घातली होती’ असे प्रसिद्ध झाले. ते ‘नेसली होती’ असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ अशा चौकटी मी पुष्कळ लिहिल्या होत्या. मूळ मजकूर खरा आणि दुरुस्ती खोटी, अशी ही पहिलीच. निवृत्त शिक्षिकांनी दोन मिनिटांत ‘शाब्बास’ लिहिलं.

त्या दिवशी आत्या चहाच्या वेळेआधीच वर आली.

“हे काय छापलं? नेसली?”

“तूच म्हणालीस, लिहू नको.”

“हूक लिहू नको म्हटलं. खोटं लिही कधी म्हटलं? आणि दिलगीर काहून? चूक कोणाची?”

“कोणाचीच नाही.”

“मग त्या पुणेवालीची माफी काहून मागून राहिली?”

“तिला तिकडे लिहायचं काम मिळत होतं, ताई,” आई म्हणाली. “दर महिन्याला. नाव छापून येणार होतं.”

“नाव? हिचं? पेपरमध्ये तर येत नाही.”

“नगर प्रतिनिधि येतं,” मी म्हटलं.

“ते तर सगळ्यांचंच आहे.”

आत्या बसली. चहा आला, तिने बशीत ओतला, फुंकला, संपवला.

“चलो,” ती शेवटी म्हणाली. “लिही. पण नीट लिही. टाके हाताचे आहेत, मशीनचे नाही. आणि बाजारात आता रेडीमेड मिळून राहिल्या न, त्या नंतर आल्या. माझी आधीची आहे.”

“मनगटाचं लिहू?”

“मनगटाचंही लिही. तेवढ्यासाठी कशाला लपवायचं.”

नमुना लेख मी तीन सुट्यांमध्ये लिहिला. पहिलं वाक्य तेच, नऊ शब्दांचं. त्यापुढे हूक, पट्टी, टेम्पो, झंडा आणि मनगट, घडलं त्या क्रमाने. आत्याने खाली बसून तो वाचला आणि एकच हरकत घेतली: पन्नास सेकंद त्या दिवशी लागले कारण मी बघत होते, एरवी चाळीस लागतात. मी तसं लिहिलं.

चार दिवसांनी संपादक बाईंचं उत्तर आलं. ‘लेख पसंत आहे. पुढल्या अंकापासून सदर सुरू करू. एक किरकोळ दुरुस्ती केली आहे, पान सोबत जोडलं आहे. संध्याकाळी छपाईला जाईल.’ पानावर शीर्षकाखाली माझं नाव होतं, पूर्ण, वेलांट्यांसकट बरोबर. ते आधी वाचलं. मग पहिलं वाक्य वाचलं. ‘आत्या त्या दिवशी फिकट आकाशी सुती साडी नेसली होती.’

शब्द एकदाच बदलला नव्हता, पाच ठिकाणी बदलला होता. हुकांच्या परिच्छेदात आत्या तीन हूक लावून साडी नेसत होती आणि टेम्पोत चढत होती. लेखात आता शिवलेल्या साडीची गोष्ट होती आणि क्रियापद न शिवलेल्या साडीचं.

पहिल्यांदा नाव छापून येत असताना पंचवीस वर्षांच्या माणसाने संपादकांशी वाद घालू नये, असं मला कोणीही सांगितलं असतं. कामावर निघायला एक तास होता. खाली आत्याचा रेडिओ चालू होता. अंक आला की ती चष्मा लावून ओळीवर बोट ठेवून वाचणार, हे ठरलेलं होतं. मी लिहिलं, ‘पाचही ठिकाणी ‘घातली’ हवं. ही साडी शिवलेली आहे, ती नेसता येत नाही. बदल शक्य नसेल तर लेख परत पाठवावा.’ पाठवल्यावर मी खिशांचा कुर्ता घातला आणि कार्यालयात गेले. त्या दिवशी ‘भूल सुधार’च्या चौकटीत मी स्वतःच एक चूक केली.

उत्तर पाच वाजता आलं. ‘लेख पुन्हा वाचला, या वेळी मुद्रितशोधक म्हणून नव्हे. पाचही ठिकाणी ‘घातली’ ठेवलं आहे. हूक कुठल्या नंबरचे वापरतात त्या?’

अंक टपालाने आला, घडी पडलेला. आत्याने स्वयंपाकघरात बसून तो वाचला. बोट पाच वेळा थांबलं. माझं नाव तिने शेवटी वाचलं, मोठ्याने, आणि वडिलांना हाक मारून दाखवलं. अंक वस्तीत फिरला, आणि पुढच्या आठवड्यात तिथल्या तिघी जणी आपापल्या साड्या घेऊन तिच्याकडे आल्या. एकीने मनगटाची चौकशी केली. आत्या म्हणाली, आता बरं आहे.

त्या रविवारी ती हुकांचं पाकीट आणि सुई-दोरा घेऊनच चहाला वर आली.

“वहिनी, तुमच्याही दोन काढून ठेवा. करून देते. सकाळी किती वेळ जातो तुमचा. उद्यापासून घाला.”

आई मेथी निवडत होती. “मला नको, ताई,” ती म्हणाली. “मी नेसते.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सुईत दोरा ओवायला लागली.

“नेसा,” ती म्हणाली.